आमच्याकडची रीत

वेलदोडा आमच्याकडे गोडात पडतो. बासुंदीत, पुरणात, पाहुण्यांसाठी मुद्दाम केलेल्या चहात. त्याचा वास आला की माझी सांगली जिल्ह्यातली जीभ साखरेच्या आशेनं आपोआप ओली होते. दमास्कसला तो कडूत पडतो. लांब तोटीच्या पितळी भांड्यात सकाळभर उकळून काढलेल्या, साखरेचा कणही न पाहिलेल्या काळ्या कॉफीत मूठभर वेलदोडे कुटून टाकतात, आणि ईदच्या दिवशी त्याचा परिमळ साऱ्या गल्लीवर असा तरंगत राहतो की माझ्यासारखा नवखा माणूस त्याच्यामागे लाडवाच्या ओढीनं चालत जातो आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करून बसतो. परत येऊन आता काही वर्षं झाली, पण घरात कुणी वेलदोडा सोलला की मला आधी तो कडू घोट आठवतो, मग ते फरसबंद अंगण, नारिंगाचं झाड, झाडाखालचा नळ आणि त्या नळाखाली मन लावून वाकलेला मी. माझ्या नावावर गाढवपणा पुष्कळ जमा आहे; पण इतक्या शहाण्या माणसांसमोर, इतक्या नीटनेटकेपणानं केलेला दुसरा नाही.

अरबी शिकायला मी का गेलो, याची मी वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळी उत्तरं दिलेली आहेत. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीतल्या साहेबांना इतिहासाची आवड सांगितली, आईला आखातातली नोकरी सांगितली, आणि सांगलीच्या कॉलेजातल्या सरांना दोन संस्कृतींमधल्या सेतूबद्दल असं काही सांगितलं की ते हेलावून गेले आणि त्यांनी आणखी एक कप चहा मागवला. खरं कारण फार लहान होतं. मिरजेतल्या संध्याकाळच्या वर्गात ती उजवीकडून डावीकडे वाहणारी अक्षरं पहिल्यांदा फळ्यावर पाहिली तेव्हा मनात आलं, की या भाषेत माझी जात विचारायची कशी हे कुणाला ठाऊक नसणार. आमचं आडनाव आष्टेकर. त्यात गाव आहे, गावाचा कोपरा नाही. छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हा आजोबांनी जुनं आडनावही तिथंच उतरवून ठेवलं आणि हे घेतलं. मला मिळालेली इस्टेट म्हणाल तर तेवढीच. पण आष्टा-सांगली एसटीत शेजारी बसलेला माणूस आडनावापाशी थांबत नाही. तो खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत, अगदी सहज विचारतो, आष्ट्यात कुठं? दमास्कस हे शहर या प्रश्नाच्या पल्याड वसलेलं आहे, असं माझं भूगोलाचं ज्ञान होतं.

त्र्याण्णव सालच्या शरदातल्या एका कोरड्या दुपारी मी त्या शहरात उतरलो. जुन्या वस्तीतल्या एका घराच्या गच्चीवर विद्यार्थ्यांसाठी खोली होती, आणि तिथं आधीच एक हिंदी मुलगा राहत होता, एवढंच मला सांगण्यात आलं होतं. दार उघडलं ते एका उंच, रुंद खांद्याच्या मुलानं. त्याची नजर आधी माझ्याकडे नव्हे, माझ्या पत्र्याच्या पेटीकडे गेली. पेटीवर आईनं पेंटरकडून पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव आणि गाव लिहवून घेतलं होतं. त्यानं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्या पाठीत अशी थाप मारली की प्रवासाचा सगळा शीण खोकल्यावाटे बाहेर पडला.

"आष्टा? आरं, आमची मावशी आष्ट्यातच दिलीया की," तो म्हणाला. "मी प्रताप. कराडच्या खाली, नदीकाठचा. आष्ट्यात कुठं रं तू?"

समुद्र ओलांडून, वाळवंट ओलांडून तो प्रश्न माझ्याआधी येऊन, अंघोळ करून, दारात उभा होता.

"ष्टँडच्या मागं," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं. गावातली कुठलीही जागा कशाच्या तरी मागं असतेच.

प्रतापचे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, दोन चुलते अजून पलटणीत, घरचा ऊस कारखान्याला जाणारा. त्याला स्वतःला पलटण नको होती म्हणून त्यानं अरबी धरली होती. घरच्यांना वाटलं, पोरगा आखातात दुभाष्या होईल. माणूस मोठा लोभस. पहिल्याच संध्याकाळी त्यानं कंदी पेढ्यांचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी मधे ठेवली, मी पेटीतून भडंग काढलं, आणि एकाच ताटात हात घालून आम्ही दोघं असे जेवलो की जणू कृष्णेचाच एक फाटा त्या गच्चीवरून वाहत होता. त्या रात्रीपासून मी मिल्या झालो. मिलिंद हे नाव त्याला फार इस्त्रीचं वाटायचं. तो माझा स्वेटर घालायचा, मी त्याच्या वस्तऱ्यानं दाढी करायचो, आणि चहाला आमच्यात एकच मोठा पेला होता, त्यातून आळीपाळीनं प्यायचो. मला शिव्या देताना तो आईबहिणींचा इतका सढळ उल्लेख करायचा की मला घरची आठवण येऊन गहिवरायला व्हायचं. माझ्याशी इतक्या बिनघोरपणे भांडणारा, माझ्या उष्ट्यात हात घालणारा, गावाकडचा पहिला माणूस मला गावापासून हजारो मैलांवर भेटला होता, आणि तो टिकवायचा तर 'ष्टँडच्या मागं' हे दोन शब्द सांभाळणं भाग होतं. त्या वर्षी मी खरा अभ्यास केला असेल तर एवढाच.

बाकी अभ्यासाची कथा काय सांगावी. संस्थेत आम्हाला शिकवायचे ती ग्रंथांतली अरबी, विभक्तिप्रत्ययांच्या दागिन्यांनी मढलेली. ती घेऊन मी भट्टीवर रोट्या मागायला गेलो तेव्हा भट्टीवाला कमरेत वाकला, आणि मग त्यानं रांगेतल्या सगळ्यांना जवळ बोलावून माझ्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं. आष्ट्याच्या बाजारात येऊन कुणी 'हे भगिनी, मज कोथिंबिरीची एक जुडी प्रदान कर' म्हणावं, तसं काहीतरी झालं असणार. त्या रोट्या गरम असताना एकमेकींना चिकटतात म्हणून तिथले लोक त्या रस्त्याकडेच्या मोटारींच्या टपांवर, कठड्यांवर पसरून निववतात, मग घडी घालून घरी नेतात. आम्हाला हे कळेपर्यंत महिनाभर आम्ही रोट्यांचा लगदाच खाल्ला. हिवाळा आला, खोलीत डिझेलची शेगडी लागली, तिच्या नळकांड्यावर मोजे वाळू लागले, आणि डिझेल, ऑलिव्ह, ओली लोकर व शेंगदाण्याची चटणी यांचा मिळून एक असा वास त्या खोलीला आला की तो पुन्हा जगात कुठं सापडेल असं मला वाटत नाही.

फक्त चहाच्या टपऱ्यांवर मी हात मांडीखाली दाबून बसायचो. प्रतापला वाटायचं, मला थंडी वाजते.

त्याचं कारण आष्ट्याच्या पेठेतल्या एका हॉटेलात आहे. माझ्या लहानपणी त्या हॉटेलाच्या वळचणीखाली एक फळी होती, आणि फळीवर कान तुटलेले काही कप पालथे ठेवलेले असायचे. आबा, म्हणजे माझे वडील, त्यातला एक उचलून पुढं धरायचे, वरून चहा पडायचा, उकिडवे बसून ते तो संपवायचे, मग चिमूटभर राखेनं कप घासून, विसळून, फळीवर पालथा घालायचे. पालथा म्हणजे धुतलेला. उताणा राहिला तर मालक आतून ओरडायचा. पुढं ती फळी गेली, मालक गेला, त्याचा मुलगा गल्ल्यावर आला, आणि आम्ही आत बाकावर बसू लागलो. कुणीच काही म्हणेनासं झालं. पण आबांचा हात कुणाच्या म्हणण्यासाठी थांबणारा नव्हता. चहा संपला की ते उठायचे, आतल्या नळाखाली कप धुवायचे, कट्ट्यावर पालथा घालायचे आणि मगच चप्पल पायात सरकवायचे. त्यांच्यामागं मीही. सांगलीला शिकायला गेलो तेव्हा तो हात माझ्याबरोबर आला. सरांच्या दिवाणखान्यात थोर सुधारकांच्या तसबिरी होत्या, कपाटभर पुस्तकं होती, आणि चहा झाला की मी माझा कप घेऊन मोरीकडे जायचो. 'अरे, राहू दे की रे,' सर म्हणायचे. अगदी मनापासून म्हणायचे. मी नळ बंद केल्यानंतर म्हणायचे, एवढंच.

आमच्या घरमालकाला सगळे अबू नवाफ म्हणत. अबू नवाफ म्हणजे नवाफचा बाप. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. हे मला इतकं आवडलं होतं की मी मनातल्या मनात आबांना कितीतरी दिवस 'मिलिंदचा बाप' म्हणून पाहिलं. त्या नावात गाव नव्हतं, आळी नव्हती, मागचं काहीच नव्हतं. अबू नवाफ साठीचा, मूळचा दक्षिणेकडच्या हौरानच्या माळावरचा, भरघोस मिशांचा म्हातारा. मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता: आईवडील आहेत ना? आहेत म्हटल्यावर त्यानं देवाचे आभार मानले आणि भाडं कमी न करता मला एक जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी दिली.

ईदच्या सकाळी त्यानं आम्हा दोघांना खाली अंगणात बोलावलं. कडू कॉफीचा एक विधी असतो, तो आमच्या पाठ्यपुस्तकात सविस्तर होता. सगळ्यांमध्ये एकच, बिनकानाचा छोटा प्याला असतो, त्याला फिंजान म्हणतात. घरचा मुलगा एका हातात भांडं आणि एका हातात फिंजान घेऊन ओळीनं फिरतो. तळाशी दोन घोट ओततो. आपण प्यायचे आणि फिंजान त्याच्याच हातात द्यायचा. आणखी नको असेल तर देताना मनगट जरासं हलवायचं, नाहीतर तो ओततच राहतो. मग त्याच फिंजानात पुढच्याची कॉफी. मी ते मनगट हलवणं आदल्या दिवशी गच्चीवर दाढीचा मग घेऊन इतकं घोटवलं होतं की प्रताप शेवटी म्हणाला, "मिल्या, काफी प्यायला चाललाईस का घंटा वाजवायला?"

अंगण भरलं होतं. थंडी सरत आली होती, नारिंगाच्या गडद पानांआडून पहिली पांढरी कळी डोकावत होती, उन्हाचा एक तिरका पट्टा फरशीवर पसरला होता आणि भिंतीकडेनं अंथरलेल्या गाद्यांवर अबू नवाफचे भाऊ, मेहुणे, शेजारी धुतलेल्या पांढऱ्या झग्यांत बसले होते. मी आत जाताच म्हातारा उठला, त्यानं मला छातीशी धरलं, दोन्ही खांद्यांवर ओठ टेकले आणि आपल्या शेजारी बसवून सगळ्यांना सांगितलं, 'हा माझा वरच्या मजल्यावरचा मुलगा.' तिथंच घात झाला. टपरीवर परक्यांत मी जपून असायचो. इथं मला कुणीतरी आपलं म्हटलं होतं, आणि आपलं म्हटलं की माझा हात सैल पडतो. सरांच्या घरी पडायचा तसा.

नवाफ माझ्यासमोर आला. मी प्यालो. कडू घोट घशाखाली उतरला. मनगट सुरेख हलवलं; पाठ्यपुस्तकाच्या लेखकानं पाहिलं असतं तर त्यानं मला दुसऱ्या आवृत्तीत घेतलं असतं. नवाफनं हात पुढं केला. आणि मी फिंजान घेऊन उठलो.

तो पुढं केलेला हात मला दिसत होता, हे मला आजही स्पष्ट आठवतं. माझ्यानंतर ज्यांची पाळी होती ते सगळे दिसत होते, अंगणात फिंजान एकच आहे हेही माहीत होतं. तरी मी चपला न घालता नारिंगाखालच्या नळापाशी गेलो, उकिडवा बसलो, दोन बोटांनी आतून-बाहेरून फिंजान चोळला, राख नव्हती म्हणून थोडी मातीही लावली, विसळला, आणि नळाशेजारच्या कठड्यावर पालथा घातला. मग हात झटकत मागं वळलो. अंगणात पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज येत होता. अबू नवाफच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. म्हाताऱ्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा हलत होता.

"आमच्या फिंजानात काही घाण होती का, मुला?" त्यानं विचारलं.

माझी सगळी अरबी, विभक्तिप्रत्ययांसकट, मला सोडून गेली. मी प्रतापकडे पाहिलं. आणि प्रताप माझ्याकडे नव्हे, कठड्यावरच्या त्या पालथ्या फिंजानाकडे पाहत होता. साताऱ्या-सांगलीच्या कुठल्याही गावच्या मुलाला ती खूण वाचायला शिकवावी लागत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू सरकत गेलं, उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकतो तसं, आणि मी ओळखलं की ष्टँडच्या मागचं सगळं त्याला दिसलं.

पण तो सुभेदाराचा मुलगा. गडी तोंडघशी पडत असेल तर आधी त्याला झाकायचा, हे त्याच्या रक्तात. तो उठला आणि स्वच्छ अरबीत म्हणाला, "रागावू नका, अबू नवाफ. ही आमच्याकडची रीत आहे. ज्या घराला आपण आपलं मानतो, तिथं आपला कप आपणच धुतो. परक्या घरी नाही धूत."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं मेहुण्याकडे वळून सांगितलं, की पाहा, इतक्या लांबच्या लोकांची रीत किती सुंदर आहे, आणि नवाफला म्हणाला, "आण तो फिंजान. आता याला दे."

'याला' म्हणजे प्रतापला. पुढची पाळी त्याचीच होती. फिंजान मी पालथा घातला होता तिथून उचलला गेला, भरला गेला, त्याच्यापुढं आला. तो एका दमात प्यायला. आणि मग सगळं अंगण कौतुकानं त्याच्याकडे पाहू लागलं. रीत त्यानंच सांगितली होती. प्रताप उठला, नळापाशी गेला, ते सहा फुटी शरीर त्यानं उकिडवं बसवलं, आणि त्याचे कान मागून मला तांबडेलाल दिसले. नळ सोडून त्यानं फिंजान धुतला आणि कठड्यावर ठेवला. उताणा. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

जिना चढताना तो माझ्यापुढं होता. गच्चीवर आल्यावर न वळता म्हणाला, "ष्टँडच्या मागं म्हंजी नेमकं कुठं?"

मी सांगितलं. बौद्धवस्तीचं नाव सांगितलं, आबांचं सांगितलं, उगाच नको तेवढं सांगितलं.

"मग तसं सांगायचं की आधीच," तो म्हणाला. "आमी काय तसलं मानत न्हाई."

आणि खरंच, त्यानं काहीही मानलं नाही. तो पूर्वीपेक्षा चांगला वागू लागला. मला मिलिंद म्हणू लागला. मिल्या त्या दिवशी जिन्यात कुठंतरी राहिला, तो पुन्हा वर आलाच नाही. माझा स्वेटर त्याला एकाएकी तंग होऊ लागला. शिव्या बंद झाल्या; माझ्या आईबहिणींना इतका मान यापूर्वी कुणी दिला नसेल. एका ताटाची दोन ताटं झाली, कारण मला तिखट कमी लागतं असं त्याच्या ध्यानात आलं होतं. मला तिखट कमी लागत नाही. आठवड्याभरानं तो बाजारातून दोन नवे कप घेऊन आला, एक निळा, एक पांढरा. मोठा पेला त्यानं पेन ठेवायला घेतला.

"ह्यो निळा माझा, पांढरा तुझा," तो म्हणाला. "रंग येगळं असलं की ओळखू येत्यात."

गंमत अशी, की खाली अंगणात ते चाललं नाही. अबू नवाफनं ती रीत मनावर घेतली. दर शुक्रवारी तो आम्हाला कॉफीला बोलवायचा, आणि नळापाशी आमच्यासाठी लॉरेलच्या तेलाचा हिरवा सुवासिक साबण आणि भरतकामाचा टॉवेल मांडून ठेवलेला असायचा. आलेल्या-गेलेल्यांना तो अभिमानानं सांगायचा, माझे हिंदी कसे आपला फिंजान आपण धुतात ते पाहा. आधी मी धुवायचो, मग त्याच फिंजानातून प्रताप प्यायचा, मग तो धुवायचा. मी यात सुख घेतलं, हे लपवत नाही. त्याच्यावर पाळी यावी म्हणून मी मुद्दाम त्याच्या वरच्या बाजूला बसायचो आणि तो साबण लावत असताना आजूबाजूच्यांना त्या थोर प्रथेची प्राचीनता समजावून सांगायचो. पण हसू दाताखाली कडू व्हायचं. खाली अंगणात एक फिंजान. वर खोलीत निळा आणि पांढरा. मधे फक्त जिना होता.

आमचं वर्ष संपत आलं तेव्हा गल्लीभर जाईचा बहर होता. एका संध्याकाळी अबू नवाफ पहिल्यांदाच गच्चीवर चढून आला, धापा टाकत, हातात मुरंब्याच्या दोन बरण्या घेऊन. आम्ही निघणार म्हणून त्याचं मन जड झालं होतं. मी शेगडीवर आपल्याकडचा, दूध-साखर घालून उकळलेला चहा ठेवला आणि वेलदोडा टाकला. गोडात. पाहुणा म्हणून त्याला माझा पांढरा कप दिला. तो सावकाश प्यायला, जिभेवर घोळवत. मग आम्ही दोघंही अडवत असताना उठला, गच्चीवरच्या नळाशी गेला आणि कप धुऊन कठड्यावर ठेवला. पालथा. माझं पाहून शिकला होता.

"हे घर मी माझं मानतो," तो म्हणाला.

मग त्यानं तोच कप उचलला, स्वतःच्या हातानं पातेल्यातला चहा त्यात ओतला आणि प्रतापपुढं धरला. चहा कडेवर हिंदकळत होता. प्रताप त्या कपाकडे पाहत होता. मी प्रतापकडे. माझ्या मनात त्या क्षणी एवढं एकच होतं, की घे रे. मिल्या म्हणू नकोस, शिवी देऊ नकोस, पण एवढा कप घे, म्हणजे मला गावी काहीतरी घेऊन जाता येईल.

प्रताप हसला. छान हसला, अगदी अदबीनं. त्यानं उठून खिडकीतला निळा कप आणला, पांढऱ्यातला चहा निळ्यात ओतून घेतला आणि रिकामा पांढरा म्हाताऱ्याच्या हातात परत दिला.

अबू नवाफला कळेना. "तो तर धुतलेला होता," तो म्हणाला.

"ही पण आमच्याकडची रीत आहे," प्रताप म्हणाला.

आणि पहिल्या खेपेला तो जितकं खरं बोलला होता, तितकंच याही खेपेला बोलला. म्हाताऱ्यानं मान डोलावली. एवढ्या रीतिभाती असलेल्या देशाबद्दल त्याचा आदर वाढला असावा.

विमानतळावर निरोप घेताना प्रताप रडला. खरंच रडला, माझ्या खांद्यावर त्याचं पाणी लागलं. यात त्याचं काही खोटं होतं असं मी म्हणत नाही, आणि तेच मला अजून नीट गिळता येत नाही.

आष्ट्याला परत आलो तेव्हा भादव्यातलं उघडं-झाकं ऊन होतं आणि पेठेत गणपतीच्या मांडवांची लाकडं पडली होती. आबा मला घेऊन हॉटेलात गेले. परदेशातून आलेला मुलगा दाखवायचा होता. आम्ही आत बाकावर बसलो, चहा आला, आणि मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली: फिंजान, नारिंग, साबण, भरतकामाचा टॉवेल, सुभेदाराचा पोरगा नळाखाली. हसवण्यासाठी जरा मीठमसालाही लावला. आबा पोट धरून हसले. त्यांना इतकं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं. निळ्या-पांढऱ्याचं मी गाळलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी बशीतला शेवटचा घोट घेतला आणि जरा विचार करून विचारलं, "धुऊन पालथा घातला, का उताणा?"

"उताणा."

"मग निस्ता धुतला म्हण की," आबा म्हणाले.

ते उठले, आतल्या नळाकडे गेले. गल्ल्यावरच्या मालकानं वर पाहिलं नाही. मी बसून राहिलो. माझा कप रिकामा झाला होता आणि हात मांडीखालून सुटायला धडपडत होता. या खेपेला मी ऐकलं नाही. कप तसाच, तळाशी चहाची पूड असलेला, बाकासमोरच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पायरीवर येऊन उभा राहिलो. ऊन चष्म्यावर आलं. समोरून उसाचा मोकळा ट्रॅक्टर खडखडत गेला. मला उगाच वाटलं, की काहीतरी झालं आज.

आबा लवकर येईनात म्हणून मागं वळून पाहिलं. टेबल रिकामं होतं. आत नळ अजून वाहत होता, आणि कट्ट्यावर त्यांच्या कपाशेजारी ते माझा कप पालथा घालत होते.